पालथा दगड आणि चंपाबाईची सहा अक्षरं

दगड बोलायला लागला म्हणून दचकू नका, मित्रांनो. मी बालाघाट जिल्ह्यातल्या, लामत्याजवळच्या एका लहान गावातला जुना दगड आहे. लांबी दोन हात, रुंदी सव्वा हात, रंग काळपट. स्वभाव जरा तिरसट आहे, पण तो जन्मापासूनचा नाही. तुम्हाला कोणी पंधरा वर्षं तोंड मातीत खुपसून पालथं निजवलं असतं, तर तुमचाही झाला असता!

माझा जन्म कोणत्या डोंगरात झाला ते मला आठवत नाही. आठवते ती टाकी. फार फार वर्षांपूर्वी एका कारागिरानं मला घासून सपाट केलं आणि माझ्या तोंडावर अक्षरं कोरली. त्याला घाई म्हणून नव्हती. एक अक्षर झालं की तो अंगठ्यानं खाच पुसायचा, फुंकर मारायचा, मान वाकडी करून बघायचा, आणि मगच पुढच्या अक्षराला हात घालायचा. शेजारी एक बाई उभी असायची. तिनं डोकं मुंडलेलं होतं. ती नुसती बघायची आणि समाधानानं मान हलवायची. तिचं तिथं काय काम होतं ते मला तेव्हा कळलं नाही. काय कोरलं तेही कळलं नाही. आपली पाठ आपल्याला दिसते का? तसंच दगडाला आपल्यावरचं लिहिणं वाचता येत नाही.

पुढे ती जागा ओस पडली. मी पडलो, फुटलो. माझा एक तुकडा कुठं गेला देव जाणे, त्याच्याबरोबर काही अक्षरंही गेली. माझ्याजवळ सहा उरली. मग मातीखाली किती काळ गेला त्याचा हिशोब मी ठेवलेला नाही.

एक दिवस नांगराचा फाळ माझ्या अंगावर खणकन वाजला. पुढे मी ज्यांच्या घरी राहिलो, त्या दादाजींच्या आजोबांनी मला शेतातून बाहेर काढलं. इतका सपाट, कडा तासलेला दगड शेतात आपोआप कसा येईल? त्यांनी हात जोडले, मला घरी आणलं, कोपऱ्यात उभं केलं आणि शेंदूर फासला. लोक म्हणतात, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. अहो, मी घाव सोसले ते अक्षरांसाठी, आणि देवपण दिलं शेंदरानं! दरवर्षी तेल आणि शेंदराचा एक थर चढायचा. थरावर थर बसून माझी अक्षरं बुजून गेली. लोक माझ्या पाया पडायचे आणि मी आत गुदमरायचो. कोंडून घालायला दर वेळी कुलूपच लागतं असं नाही, मित्रांनो. भक्तीनंही माणसं कोंडून घालतात.

मग त्या घरात चंपाबाई आली. दादाजींच्या मुलाची, खेमराजची बायको. लग्न होऊन महिनाही झाला नव्हता. एका सकाळी ती माझ्यासमोरची जमीन सारवत होती, आणि इतक्या वर्षांच्या शेंदराची जाड खोळ माझ्या तोंडावरून सुटून धप्पकन खाली पडली. पोरगी घाबरली. मला वाटलं, आता ओरडेल. पण ती वाकली आणि तिनं माझ्या पहिल्या अक्षरात बोट घातलं.

काय सांगू तुम्हाला! त्या कारागिराच्या अंगठ्यानंतर माझ्या अक्षरांची विचारपूस करणारं ते पहिलं बोट. तिनं सहाही अक्षरं बोटानं गिरवली, एकदा नाही, दहादा गिरवली. तिला कोणतंच अक्षर वाचता येत नव्हतं, ती शाळेची पायरी चढलेली नव्हती. तरी ती स्वतःशीच पुटपुटत होती, "हे खुर्चीवानी. हे इळ्यावानी वाकलं. हा रोवलेला खुंटा, डोक्यावर काडी. ह्यानं तीन बोटं वर केली. हे पायवाटीवानी वळलं. अन् हा पुन्हा खुंटा, बाजूले ठिपका." मग ती एकदम थांबली. "अगं माय! खुंटा दोनदा आला. म्हंजे ही नक्षी नोहे. हे लिवलं हाये कोनीतरी."

शहाण्या माणसांना जे सुचलं नाही ते त्या अडाणी पोरीला एका सकाळी सुचलं.

संध्याकाळी सासूबाईंनी, म्हणजे मैनाबाईंनी, खोळ पडलेली पाहिली आणि लगेच तेल-शेंदूर कालवून मला पुन्हा लिंपून टाकलं. पण चंपाबाईनं दुपारीच एक काम उरकून घेतलं होतं. त्या घरात धान्याची मातीची मोठी कोठी होती. पांढऱ्या छुई मातीत बोट बुडवून तिनं कोठीच्या पोटावर ती सहा अक्षरं काढली होती. सासूबाईंना ती फुलं-पानांसारखीच वाटली. त्या म्हणाल्या, "चांगलं काढलं वो!" आणि विषय संपला. दर पावसाळा सरला की घर नव्यानं सारवलं जायचं, कोठी पुसली जायची, आणि चंपाबाई पुन्हा तीच सहा अक्षरं काढायची. ना काडी इकडची तिकडे, ना ठिपका कमी-जास्त. मी कोपऱ्यात शेंदराच्या आत बसून बघायचो. माझं तोंड मला त्या कोठीवर दिसायचं.

मग आलं छप्पन्न साल. दसऱ्याच्या सुमाराला आमच्या वस्तीतली माणसं लामत्याहून छोट्या गाडीनं गोंदियाला आणि तिथून मोठ्या गाडीनं नागपूरला गेली. दादाजी गेले, भोजराज गेला. हा भोजराज तेंदूपत्त्याच्या फडावर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी, हिशोब लिहिणारा मुनशी होता. वस्तीत लिहिणं-वाचणं येणारा तोच एक, आणि शब्दाचा पक्का. पांढरे कपडे घालून गेलेली माणसं परत आली ती मान ताठ करून. मी त्यांना तसं चालताना कधी पाहिलं नव्हतं. बौद्ध झालो, माणूस झालो, असं ते एकमेकांना सांगत होते. आणि त्यांनी शपथ घेतली होती, की आता घरात जुने देव ठेवायचे नाहीत.

दुसऱ्याच दिवशी घराघरांतले देव टोपल्यात भरून वैनगंगेकडे निघाले. मला त्याचा राग नव्हता, मित्रांनो. ज्या देवांनी त्यांना देवळाची पायरीही चढू दिली नाही, ते देव त्यांनी का म्हणून सांभाळावेत? पण मी देव नव्हे, लिहिलेला दगड आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मला सांगता येत नव्हतं. मी होतो जड. नदीपर्यंत न्यायला चार गडी लागले असते. दादाजी म्हणाले, "याले आंगनात पालथा घाला. शेंदूर खाली, पाठ वर. कपडे धुवाच्या कामी येईन."

तेव्हा चंपाबाई पदर सावरत हळूच बोलली, "मामाजी, त्याच्यावर काहीतरी लिवलं हाये. म्या पाह्यलं होतं."

"देवाचंच लिवलं असन, बाई. आता आपल्याले काय करायचं त्याचं?"

तिनं मान खाली घातली. शपथ तिलाही प्यारी होती. खेमराजनं आणि महागू नावाच्या शेजाऱ्यानं मला ढकलत विहिरीजवळ नेलं आणि उताणं न ठेवता पालथं घातलं. तोंडात माती गेली. उजेड गेला.

तुम्हाला अंधाराची कल्पना असेल, पण पालथ्या अंधाराची नसेल. ओलीनं शेंदराची खोळ सुटली आणि माझ्या खुंट्याच्या खाचेत मुंग्यांनी घर केलं. पावसाळ्यात गांडुळं माझ्या अक्षरांतून फिरायची, उन्हाळ्यात माती सुकून तडकायची. वर पाठीवर रोजचं धुणं. खेमराज भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत कामाला होता. आठवड्यानं घरी यायचा तेव्हा त्याचे कपडे काळेमिट्ट असायचे. चंपाबाई सोडा टाकून ते माझ्यावर आपटायची. आधी मला फार राग यायचा. पूर्वी पाया पडायचे, आता लाथा! पण नंतर मी तिच्या पावलांची वाट बघायला लागलो. कोणी जवळ नसलं की ती माझ्या पाठीवर ओला तळवा ठेवायची आणि म्हणायची, "हायेस ना रे खाली? असाच राह्य." मी आणखी कुठं जाणार होतो?

दादाजी वारले, मैनाबाई वारल्या. वस्तीतली पोरं शाळेत जाऊन हिंदीत बोलायला लागली. वस्तीनं विहार बांधायला काढला, तोही आमच्या अंगणाला लागूनच. चंपाबाईनं पायव्याची माती डोक्यावर वाहिली. बांधकाम चालू असतानाच तिथं वंदना सुरू झाली; दर पौर्णिमेला ती पांढरं लुगडं नेसून सगळ्यांच्या पुढे वंदनेला बसायची. हे सगळं मी कानांनी ऐकलं. डोळे तर जमिनीत होते.

आणि एकोणसत्तर साली तिच्यावर ती वेळ आली. शेजारची सत्यभामा पीठ उसनं मागायला घरात गेली आणि कोठीवरची अक्षरं बघून म्हणाली, "हे काय काढते तू दरवर्षी?" चंपाबाईला खोटं बोलता येत नसे. ती म्हणाली, "आमच्या घरच्या जुन्या दगडावर होते ते." झालं! सत्यभामेच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. संध्याकाळपर्यंत साऱ्या वस्तीत एकच चर्चा, की चंपाबाई लपून जुना देव पुजते, त्याच्या खुणा तिनं घरात ठेवल्या आहेत.

भोजराज आता समाजाचा अध्यक्ष होता. दोघा-चौघांना घेऊन तो अंगणात आला आणि नेमका माझ्याजवळच उभा राहिला. त्याचा शब्द न् शब्द मी ऐकला.

"चंपाबाई, त्या खुना पुसून टाक. आन् दगडाची पूजा करत होतो, चुकलो, असं विहारात सांगून दे. गोष्ट खतम."

"मी पूजा करत नाही, भाऊ."

"मंग काहून काढते?"

"मले आवडते म्हून काढतो. कोन्या मानसानं मन लावून लिवलं असन ते. पुसलं तर मंग ते कोनालेच ठाऊक राह्यनार नाही."

"आवडते म्हनशीन त कोन मानंल? नुसतं म्हन, चुकलो. बात इथंच मिटन."

चंपाबाई म्हणाली, "खोटं बोलनार नाही, असं शील घेतलं हाये आपन. पूजा करतो म्हनू, त ते खोटं. आवडत नाही म्हनू, त तेही खोटं. तुम्हीच सांगा, कोनतं खोटं बोलू?"

चारचौघांत कोंडीत सापडलेला माणूस रागावतोच, तसा भोजराज रागावला. "मंग खुना पुसल्याबिगर विहाराची पायरी चढू नोको," तो म्हणाला आणि निघून गेला.

खेमराजनं तिला समजावलं. "काहून जिद्द करून राह्यली? पुसून टाक ना. चार बोटांची माती त हाये." ती म्हणाली, "मले पुसता येत नाही." तो भला माणूस होता, त्यानं पुन्हा विषय काढला नाही. तो एकटा वंदनेला जायचा आणि मागच्या रांगेत बसायचा.

दोन वर्षं, मित्रांनो! दोन वर्षं दर पौर्णिमेला चंपाबाई पांढरं लुगडं नेसून माझ्यावर येऊन बसायची. भिंतीपलीकडे वंदना सुरू झाली की इकडे हात जोडून हळू आवाजात म्हणायची. ज्या विहाराची माती तिनं वाहिली, त्याच्या बाहेर ती अडकली होती. मी तिच्याखाली अडकलो होतो. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अरे, मला उलटा, एकदा उलटून तर बघा! पण कसलं काय! दगडच मी. माझ्यामुळे ती बाहेर होती आणि मी तिच्यासाठी तसूभर हलू शकत नव्हतो.

एकाहत्तर साली विहार पुरा होत आला. वैशाख पौर्णिमेला नागपूरकडचे एक वयस्कर भंतेजी येणार होते. दाराशी कच्च्या पायरीच्या जागी मोठा सपाट दगड हवा होता. शोधाशोध झाली आणि भोजराजचीच नजर माझ्यावर पडली; कोठीवरची अक्षरं याच दगडाची, हे त्याला ठाऊक नव्हतं. "खेमराज, तुहा धुन्याचा दगड देतो का?" खेमराज म्हणाला, "हौ, घेऊन जा." वाटलं असेल, दगडाच्या निमित्तानं तरी अबोला सुटेल.

पौर्णिमेच्या सकाळी महागू, वस्तीतला प्रेमलाल आणि आणखी दोघे सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन आले. मी पंधरा वर्षं जमिनीत रुतलेलो, सहजासहजी कुठला निघतो? प्रेमलालनं सब्बल कडेखाली घातली आणि सगळा जोर लावला. कडाड् झालं. माझ्या तोंडाच्या डाव्या बाजूचा पापुद्रा फुटला आणि त्याचा चुरा झाला. त्या चुऱ्यात माझी पहिली तीन अक्षरं गेली. ज्या घडीला मी उजेडात आलो, त्याच घडीला माझं अर्धं तोंड गेलं.

त्यांनी मला उताणं करून विहाराच्या दाराशी नेलं. शेंदराची खोळ खाली मातीतच राहिली होती, ओलीनं सुटलेली. माझा उरलेला चेहरा मोकळा होता. ऊन इतकं झोंबलं की मला काही सुचेना. मग ओरडा ऐकू आला, "अरे, याच्यावर खुना हायेत! त्याच त्या! फेका याले नदीत!"

"थांबा," एक म्हातारा आवाज म्हणाला. भंतेजी आलेले होते. ते माझ्याजवळ उकिडवे बसले, चिवराच्या टोकानं माती पुसली आणि एकेका खाचेवरून अंगठा फिरवला. अगदी त्या कारागिरासारखा! मग ते उभ्या माणसांकडे वळले.

"बाबांनो, या खुणा नव्हेत. ही धम्मलिपी आहे. दोन हजार वर्षांमागे आपले लोक याच अक्षरांत लिहीत. इथं लिहिलं आहे, 'या दानं'. कोणीतरी हा दगड संघाला दान दिला होता. कोणी दिला ते या फुटलेल्या भागात होतं." त्यांनी मान वर केली. "कोणी पूर्ण पाहिलं आहे का हे?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा! ज्याला बुद्धाच्या वाटेवर येण्यासाठी त्यांनी घराबाहेर काढलं, तो बुद्धाच्याच वाटेवरचा दगड निघाला. शेवटी सत्यभामाच बोलली, आणि तिचा आवाज रडवेला होता. "चंपाबाईच्या कोठीवर हायेत. साऱ्या हायेत."

मला वाटलं, भोजराज कोणाला तरी पाठवेल. पण तो स्वतः गेला. अंगण लागूनच होतं, त्यामुळे मला ऐकू आलं.

"चाल, बाई. विहारात चाल."

"पायरी चढू नोको म्हनलं होतं ना?"

"हौ, मीच म्हनलं होतं. आता मीच बलावाले आलो."

ती छुईचं भांडं घेऊन आली. इतक्या वर्षांनी तिनं माझं तोंड पाहिलं आणि फुटकी बाजू बघून तिथंच बसली. "अगं माय, अर्धा खाऊन टाकला रे तुले," म्हणाली आणि तुटलेल्या जागेवर तळवा ठेवून रडली. दगडाला पाझर फुटतो की नाही ते लोकांनी ठरवावं. मला त्या दिवशी काय झालं ते माझं मला ठाऊक आहे.

मग डोळे पुसून तिनं सारवलेल्या जमिनीवर सहा अक्षरं काढली. भंतेजींनी आधी शेवटची तीन माझ्याशी ताडून पाहिली. काडीचाही फरक नव्हता, ठिपकासुद्धा जागच्या जागी होता. "ही तीन बरोबर, म्हणजे ती तीनही बरोबर असणार," ते म्हणाले आणि पहिल्यापासून मोठ्यानं वाचलं, "भिखुनिया दानं. एका भिक्खुणीचं दान. नाव आधीच तुटलं आहे, पण दान एका बाईचं आहे."

मला ती मुंडलेल्या डोक्याची बाई आठवली. तर ती म्हणून उभी राहायची!

भोजराजनं डोक्याची टोपी काढून हातात घेतली. "चंपाबाई, चुकलो मी. साऱ्यांच्या समोर सांगतो, चुकलो."

ती त्याला काही टोचून बोलेल असं मला वाटलं. मी असतो तर बोललो असतो! तिनं फक्त विचारलं, "मंग आता वंदनेले आत बसू का?"

भोजराज आत गेला आणि त्यानं स्वतःच्या हातानं पुढची सतरंजी तिच्यासाठी झटकली.

मला पायरी केलं नाही. दाराजवळच्या भिंतीत बसवलं आहे, तोंड बाहेर. हो, पुन्हा अडकलोच म्हणा, तीन बाजूंनी चुना आणि विटा. पण उजेड आहे, आणि येणारा-जाणारा थांबून बघतो. फुटलेली अक्षरं पाथरवटाकडून कोरून घेऊ, असं भोजराज म्हणत होता. चंपाबाई म्हणाली, "नोको. माझ्याकडून होते तवर मी काढतो." दर पावसात ती तीन अक्षरं धुऊन जातात, आणि दर पावसाळ्यानंतर ती छुईचं भांडं घेऊन येते. आता छुई कालवून देते सत्यभामा.

मित्रांनो, अंगणात, बांधावर, विहिरीपाशी एखादा पालथा दगड दिसला तर त्याला एकदा उलटून बघा. सब्बल जपून लावा. आणि कोणी बाई भिंतीवर तुम्हाला न कळणारं काही काढत असेल, तर पुसायला सांगण्याआधी तिला विचारा, बाई, हे तू कुठं पाहिलंस?

चंपाबाईचा हात आता थोडा कापतो. गेल्या वर्षी खुंट्यावरची काडी जरा वाकडी आली. तिनं पुसली आणि पुन्हा काढली. "भिखुनि" एवढं तिच्या बोटानं लिहिलेलं असतं, आणि पुढचं "या दानं" माझ्या अंगावर आहे. वाचणारा तिच्यापासून सुरुवात करतो आणि माझ्यापाशी येऊन थांबतो.

यंदाचा पाऊस आता सरत आला आहे. भिंत धुऊन कोरी झाली आहे, आणि मी तिची वाट बघतो आहे.